बांडगुळाचा आळ

बांडगूळ हा शब्द मी आजवर किती वेळा उच्चारला असेल, त्याचा हिशेब नाही. कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाची झोळी शब्दांनीच भरलेली असते आणि त्या झोळीत हा एक शब्द कायम वरच्या वर असतो. दुसऱ्याच्या घामावर जगतो तो बांडगूळ. सभेत एवढे म्हटले की पुढे स्पष्टीकरण लागत नाही. झाडावर उगवणारे आणि झाडाचा रस पिणारे ते झुडूप खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते.

काही वर्षांपूर्वी एका बाजारपेठेत हमाल आणि मापाडी यांच्या मजुरीच्या दरांची बोलणी चालू होती. समोरच्या बाजूचे एक गृहस्थ, बोलायला मोठे गोड, मला म्हणाले, "भाऊ, माल शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा. तुमचे हमाल तेवढे मधल्यामध्ये लटकलेले. आता बांडगूळ कोण, ते तुम्हीच सांगा." दिवसभर शंभर शंभर पोती पाठीवर वाहणाऱ्या माणसांना उद्देशून हा शब्द आला, तेव्हा मला राग आला हे सांगायला नको. मी उत्तरही दिले. परंतु रात्री घरी परतताना मनात आले की, हा शब्द ते वापरतात आणि आपणही वापरतो. पण झाडावर जे जे काही बसलेले दिसते ते सगळेच झाडाला खाते काय, हे ना त्यांनी पाहिले, ना आपण. माझी शाळा लवकर सुटली. त्यामुळे एखादी गोष्ट आपल्याला कळत नाही असे ध्यानात आले, म्हणजे ती पुस्तकांतून हुडकीत बसण्याची मला खोड लागली आहे. त्या खोडीपायी जे हाती आले ते रिठदच्या श्रोत्यांपुढे मांडले होते. तेच येथे थोडे वाढवून लिहितो.

प्रथम आपल्या ओळखीच्या तीन भाडेकरूंची गाठ घेऊ. जुन्या आंब्यावर बऱ्याचदा एक झुडूप दिसते. त्याची पाने जाड असतात, फुले नळीसारखी लांबट. फुलटोच्या नावाचा इवलासा पक्षी त्याची फळे खातो आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर पुसून ठेवतो. हे खरे बांडगूळ. ते फांदीच्या लाकडात आपले मूळ रुतवते आणि झाडाने जमिनीतून वर ओढलेले पाणी व क्षार मधल्यामध्ये उचलते. दुसरी अमरवेल. तिला पान म्हणून नाहीच. पिवळट दोऱ्यांचे जाळे तेवढे बोरीवर किंवा कुंपणावर पसरलेले असते. ती पाणीही घेते आणि तयार अन्नही घेते. तिसरी रास्ना. महू, आंबा, बाभूळ अशा झाडांच्या खोडाला धरून वाढणारी. वादीसारखी जाड, खोबणीची पाने दोन रांगांत, पिवळसर तपकिरी फुलांवर चौकटीचौकटीची नक्षी, आणि हवेत लोंबणारी पांढुरकी, बोरूएवढी जाड मुळे. विदर्भातल्या कोरड्या रानांना ही वनस्पती नवी नाही. हे ऑर्किड आहे. मराठी कोशकार या कुळाला आमर म्हणतात. पण आमर म्हटल्याने कुणाला बोध होत असेल असे वाटत नाही, म्हणून मी ऑर्किडच म्हणतो.

लोक या तिघांनाही एकाच मापाने मोजतात. वऱ्हाडातच नव्हे, सगळीकडे. आणि ही चूक अडाण्यांची नाही, शहाण्यांची आहे. तिचा इतिहास मनोरंजक आहे.

अमरकोशात वन्दा या शब्दाला जे पर्याय दिले आहेत त्यांत दोन शेजारी शेजारी आहेत: वृक्षादनी आणि वृक्षरुहा. पहिलीचा अर्थ झाडाला खाणारी, दुसरीचा अर्थ झाडावर उगवणारी. म्हणजे खाणारी आणि नुसती राहणारी, दोघींना कोशकाराने एकाच घरात नांदविले. कोशकाराचा तरी दोष काय म्हणावा? खालून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही.

पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या न्यायासनावर सर विल्यम जोन्स होते. संस्कृतचा हा थोर अभ्यासक वनस्पतींचाही नादिष्ट होता. हिंदुस्थानातल्या निवडक वनस्पतींवर त्यांनी जी टिपणे लिहिली, ती त्यांच्या मृत्यूनंतर १७९५ साली 'एशियाटिक रिसर्चेस'च्या चौथ्या खंडात छापली गेली. त्यांत त्यांनी आपल्या या रास्नेचे वर्णन वन्दा या देशी नावानेच केले. त्याच १७९५ साली, म्हणजे खर्ड्याची लढाई झाली त्या वर्षी, विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथाचे प्रकाशन लंडनला सुरू झाले. त्यांनी तिला 'एपिडेंड्रम टेसेलॅटम' म्हटले. टेसेलॅटम म्हणजे चौकटीच्या नक्षीची. रॉक्सबर्ग यांच्या ग्रंथातली सुंदर चित्रे ज्यांवरून कोरली गेली, ती हिंदी चित्रकारांनी काढलेली होती. ग्रंथावर नाव साहेबाचे आहे. चित्रकारांची नावे बहुतेक कुणी लिहून ठेवली नाहीत. हे जाता जाता सांगितले, कारण माझ्या धंद्याच्या माणसाला ते दिसल्यावाचून राहत नाही.

१८२० मध्ये इंग्लंडात रॉबर्ट ब्राउन यांनी जोन्स यांचे नाव उचलून 'वँडा' ही प्रजाती शास्त्रात पक्की केली. आज बँकॉकपासून हवाईपर्यंत फुलबाजारात ज्या वँडांची लाखोंची उलाढाल चालते, त्यांचे नाव असे आपल्या वन्दावरून आले. पण वन्दा म्हणजे तर बांडगूळ. म्हणजे जी वनस्पती झाडाचा घोटभर रस पीत नाही, तिच्या कपाळावर शास्त्रानेच संस्कृतात 'परोपजीवी' असे गोंदवून ठेवले, आणि शास्त्रीय नावाचा नियम असा की एकदा पडलेले नाव चूक कळली म्हणून बदलता येत नाही. आज तिचे अधिकृत नाव 'वँडा टेसेलॅटा' आहे. निम्मे जोन्स यांचे, निम्मे रॉक्सबर्ग यांचे. आळ मात्र कायम.

आळ खोटा हे कशावरून? ते पटण्यासाठी झाड जेवते कसे, हे थोडक्यात पाहावे लागेल.

आपण शेतकऱ्यांची मुले. आपल्याला वाटते, झाड मुळाने खाते. खत मुळाशी घालतो, पाणी मुळाशी देतो, तेव्हा तसे वाटणे साहजिक आहे. बेल्जममधल्या व्हान हेल्मोंट यांनी याची परीक्षा पाहिली. दोनशे पौंड वाळलेली माती कुंडीत घालून त्यांनी तिच्यात पाच पौंडांची वाळुंजाची फांदी लावली आणि पाच वर्षे नुसते पाणी घातले. झाड एकशे एकोणसत्तर पौंडांवर गेले. माती भरली ती पहिल्यापेक्षा दोनच औंस कमी. हा वृत्तांत त्यांच्या पश्चात १६४८ साली प्रसिद्ध झाला. झाडाचे अंग पाण्यातून आले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो अर्धाच खरा होता, कारण हवेचा त्यांना पत्ता नव्हता. तो पत्ता १७७१ नंतर प्रीस्टली यांना लागला, आणि यान इंगेनहाउस या डच वैद्याने १७७९ च्या एका उन्हाळ्यात पाचशेहून अधिक प्रयोग करून तो पक्का केला: झाडाचा हिरवा भाग, आणि तोही उजेडातच, हवा शुद्ध करतो. फुले आणि मुळे यांची गणना त्यांनी हवा बिघडविणाऱ्यांत केली. मुळांच्या बाबतीत थोड्या अपवादांना त्यांनी जागा ठेवली होती, हा त्यांचा सावधपणा.

तेव्हापासून शाळेच्या पुस्तकात कामाची वाटणी ठरून गेली. मुळाने पाणी आणि क्षार आणावेत. पानाने हवेतला कार्बन डायऑक्साइड घ्यावा, उन्हाच्या आचेवर साखर शिजवावी आणि सगळ्या घराला वाढावी. पाणक्या निराळा, आचारी निराळा. या वाटणीच्या दृष्टीने पाहिले तर पान नसलेली वनस्पती म्हणजे चूल नसलेले घर. ती दुसऱ्याच्या घरी जेवत असली पाहिजे. अमरवेल तशी जेवतेही.

पण ऑर्किडांमध्ये काही अशी आहेत की ज्यांना पान नाही, खोड म्हणण्याजोगे खोड नाही, आणि तरीही ती कुणाच्या घरी जेवत नाहीत. हिमालयाच्या पायथ्याच्या रानांत 'चिलोशिस्टा उस्नेऑयडिस' नावाचे ऑर्किड आहे. फांदीवर हिरव्या-करड्या मुळांचा एक गुंता पसरलेला असतो आणि मधल्या टिचभर बुडख्यातून फुलांचा तुरा लोंबतो. बाकी काही नाही. मुळे आणि फुले. डेव्हिड डॉन यांनी १८२५ साली नेपाळच्या वनस्पतींत त्याची नोंद केली आणि लिंडले यांनी १८३२ मध्ये त्याची वेगळी प्रजाती केली. 'टीनिओफायलम' नावाची दुसरी प्रजाती आफ्रिकेपासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत पसरली आहे. तिच्या दोनशेहून अधिक जाती आहेत, आणि आपल्या सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या ओल्या रानांतही ती आहे. तिचे रोप पैशाएवढे. सालीला चिकटलेल्या हिरव्या चपट्या मुळांची एक चांदणी. फ्लोरिडा आणि क्यूबाच्या दलदलीत 'भूत-ऑर्किड' म्हणतात ते याच चालीचे. आपल्या वाशीमकडे ही बिनपानांची मंडळी मला कुठे आढळली नाहीत. पण त्यांची चुलत बहीण रास्ना आहे, आणि बिनपानांच्या मुळांत जी करामत आहे तिचा पहिला धडा रास्नेच्या मुळात वाचता येतो.

रास्नेचे मूळ कोरडे असताना चुन्यासारखे पांढरे दिसते. त्याच्यावर पाण्याचा हबका मारा. पाहता पाहता पांढरा रंग नाहीसा होऊन ते हिरवे होते, आणि त्या हिरव्यावर बारीक पांढऱ्या रेघा तेवढ्या उरतात. हा चमत्कार नव्हे. मुळावर मेलेल्या पेशींचे एक सच्छिद्र वेष्टन असते. शास्त्रात त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडे असताना त्या पेशींत हवा असते म्हणून ते पांढरे दिसते. पाणी भरले की ते काचेसारखे पारदर्शक होते आणि आतला जिवंत भाग दिसू लागतो. तो हिरवा असतो, कारण त्यात हरितद्रव्य असते. उरलेल्या पांढऱ्या रेघा म्हणजे पाणी न शिरणाऱ्या जागा. भिजलेल्या मुळाला श्वास घ्यायला ठेवलेल्या खिडक्या.

या वेष्टनाचे काम काय, यावर शंभराहून अधिक वर्षे वाद झाला. एकोणिसाव्या शतकात पुष्कळांना वाटे की ही मुळे हवेतली वाफच पितात. ऑस्ट्रियाचे ह्युबर्ट लाइटगेब यांनी १८६० नंतरच्या दशकात या मुळांची अंतर्रचना बारकाईने वर्णिली. फ्रिट्स वेंट यांनी १९४० साली जावाच्या जंगलातल्या निरीक्षणांवरून एक तर्क मांडला. पाऊस सुरू होतो तेव्हा पहिले पाणी झाडाच्या पानांवरची, सालीवरची धूळ आणि क्षार धुऊन आणते. तेच पाणी कसदार. पुढचे नुसते पाणी. व्हेलामेन ते पहिले पाणी टिपून धरते, असे त्यांचे म्हणणे. १९५७ मध्ये अमेरिकेत डायकस आणि नडसन यांनी प्रयोगांती उलटे सांगितले: हवेत लोंबणाऱ्या मुळाचे हे वेष्टन मुख्यतः संरक्षणासाठी आणि पाणी बाहेर जाऊ न देण्यासाठी आहे, पिण्यासाठी नव्हे. वाद तसाच पडून राहिला. २०१३ साली जर्मनीतले गेरहार्ड झोट्झ आणि उवे विंकलर यांनी अनेक जातींच्या मुळांवर मोजमाप करून दाखविले की वेष्टन काही सेकंदांत पाणी भरून घेते, ते सुकायला मात्र काही तास लागतात, आणि पाण्यातले क्षार ते धरून ठेवते. वेंट यांचा तर्क त्र्याहत्तर वर्षांनी खरा ठरला. दोन वर्षांनंतर आणखी एक गोष्ट पुढे आली: हेच वेष्टन उन्हातल्या घातक अतिनील किरणांपासून आतल्या हिरव्या पेशींना वाचवते. पंचा पाणी टिपायलाही आणि डोक्यावर घ्यायलाही, तसेच हे.

म्हणजे पाणी आणि क्षार कुठून येतात ते कळले. आकाशातून आणि सालीवरच्या धुळीतून. आधार देणाऱ्या झाडाच्या लाकडात या मुळाचे टोक शिरत नाही. ते सालीला नुसते चिकटते. झाड हा तिचा वाडा आहे, ताट नव्हे.

आता राहिली साखर. रास्नेला पाने आहेत, तेव्हा तिची मुख्य चूल पानातच पेटते. पाने असलेल्या ऑर्किडांचे हिरवे मूळ बहुधा स्वतःच्याच श्वासातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा पकडून वाचवते. संसाराला हातभार लावते, पण त्याच्यावर घर चालत नाही. बिनपानांच्या ऑर्किडांत मात्र घर त्याच्यावरच चालले पाहिजे. ते कसे चालते, याचा उलगडा होण्याचा रस्ता एका अगदी निराळ्या झाडावरून गेला, आणि तो हिंदुस्थानातूनच गेला.

पानफुटी सर्वांना ठाऊक आहे. पान मातीवर टाकले की काठाकाठाने रोपे फुटतात ती. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासकडे बेंजामिन हाइने नावाचे वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांना पाने चावून पाहण्याची सवय असावी. १८१३ साली त्यांनी लंडनच्या लिनियन सोसायटीच्या लँबर्ट यांना पत्र लिहून कळविले की, पानफुटीचे पान सकाळी चुक्यासारखे आंबट लागते, दुपारी बेचव होते आणि संध्याकाळकडे किंचित कडवट. १८१५ साली ते पत्र छापले गेले. त्याआधी १८०४ मध्ये जिनीव्हाच्या द सोस्यूर यांनी निवडुंगाच्या अंगी रात्री हवा आत घेण्याचा विलक्षण गुण पाहिला होता. या दोन गोष्टी एकाच घटनेची दोन टोके आहेत, हे कळायला पुढचे सव्वाशे-दीडशे वर्षे लागली.

घटना अशी. साधी झाडे दिवसा पानांची रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. रंध्र उघडले की पाणीही उडून जाते. निवडुंग, पानफुटी, घायपात यांना ती उधळपट्टी परवडत नाही. ती दिवसा दारे लावून घेतात आणि रात्री गारव्यात उघडतात. रात्री उजेड नाही, तेव्हा साखर शिजवता येत नाही. म्हणून आत आलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपाने पेशींच्या पोकळ्यांत भरून ठेवतात. म्हणून सकाळी पान आंबट. दिवसा तेच आम्ल मोडून त्यातला वायू काढतात आणि बंद दाराआड उन्हावर शिजवतात. म्हणून दुपारी बेचव. गिरणीच्या भाषेत सांगायचे, तर रात्रपाळीने कच्चा माल भरायचा आणि दिवसपाळीने चालवायचा. पानफुटीच्या कुळावरून या रीतीला नाव पडले आहे.

बिनपानांच्या ऑर्किडांची मुळे हीच रात्रपाळी करीत असतील काय? १९८३ च्या सुमारास सिंगापूर विद्यापीठातले सी. जे. गो आणि पी. एन. अवधानी ऑर्किडांच्या हवेतल्या मुळांत कार्बन कसा बांधला जातो, याच्या मागे होते. १९८५ साली त्या दोघांनी डब्ल्यू. कॉकबर्न यांच्यासह आपल्या हिमालयी चिलोशिस्टावरचे काम प्रसिद्ध केले. किरणोत्सर्गी कार्बन देऊन त्यांनी त्याचा माग काढला. रात्री मुळांत कार्बन मॅलिक आम्ल होऊन साठत होता. दिवसा ते आम्ल कमी होऊन त्याची साखरेसारखी द्रव्ये होत होती. त्याच वर्षी क्लाउस विंटर, अर्नेस्तो मेदिना आणि त्यांचे सहकारी यांनी 'कँपिलोसेंट्रम' या अमेरिकेतल्या बिनपानांच्या ऑर्किडाच्या मुळांतही तेच दाखविले. पाणक्याने आचाऱ्याचे काम घेतले आहे, आणि तेही रात्रपाळीने, हे त्या वर्षी सिद्ध झाले.

पण एक अडचण होती, आणि मला सगळ्यात रस तिच्यात वाटला. पानाला रंध्रे असतात, म्हणजे उघडझाप करणारी दारे. मुळाला ती नसतातच. दारच नाही, तर रात्री उघडणार काय आणि दिवसा लावणार काय? दिवसा आम्ल मोडून जो वायू निघतो तो सारा बाहेर गळून जायला हवा. कॉकबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की मुळाच्या आतल्या पोकळीत दिवसा कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बाहेरच्या हवेइतकेच राखले जाते. आम्लातून जेवढा वायू सुटतो तेवढा लगेच वापरला जातो. आत-बाहेर सारखेच, तर गळणार कुठे? कुलूप नसलेल्या कोठारात माल साठू न देणे हेच कुलूप. निवडुंगाने दार लावून जे साधले, ते या मुळांनी हिशेबाने साधले.

हे काम संपलेले नाही. २०२३ मध्ये जपानात कोबे विद्यापीठाचे केन्जी सुएत्सुगू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या टीनिओफायलमच्या मुळांवर लेख लिहिला. सालीला चिकटलेले हे मूळ चपटे असते आणि रात्रपाळीच्या प्रकाशसंश्लेषणासाठी ते खास घडलेले आहे, असे त्यात दाखविले आहे. मुळाला पोट आणि पाठ वेगळी असू शकते, हे पोलंडच्या यांचेव्स्की यांनी १८८५ सालीच लिहून ठेवले होते. जमिनीतल्या मुळाला चारी बाजू सारख्या. उजेडात आलेल्या मुळाला पानासारखी वरची बाजू आणि खालची बाजू होते.

पाने टाकून देण्यात फायदा काय, असे कोणी विचारील. डेव्हिड बेंझिंग या अमेरिकी अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली याचा विचार केला आहे. झाडाच्या फांदीवर क्षारांची फार टंचाई. पान घडवायला क्षार लागतात, खोड घडवायला लागतात. मूळ तर घडवावेच लागते. मग त्या एकाच अवयवाने पाणीही आणले आणि साखरही केली, तर खर्च वाचतो. एका माणसाकडून दोन माणसांचे काम करून घेण्याच्या या युक्तीवर मी जन्मभर भांडत आलो आहे. पण येथे मालक आणि कामगार एकच असल्यामुळे माझी हरकत चालत नाही.

एवढे ऐकून कोणी ऑर्किडाला स्वावलंबनाचा पुतळा करू नये. पुराव्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑर्किडाचे बी धुळीसारखे बारीक असते. त्याच्यात शिदोरी अशी नसतेच. १८९९ साली नोएल बेर्नार या तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसले की ऑर्किडाच्या कोवळ्या रोपांत एक बुरशी शिरलेली असते आणि तिच्यावाचून ते बी रुजत नाही. बाळपणीचा शिधा ती बुरशी पुरवते. १९२२ मध्ये त्याच नडसन यांनी, ज्यांचे नाव वर येऊन गेले, बुरशीऐवजी साखर घातलेल्या खळीवर बी रुजवून दाखविले. आज बाजारात मिळणारी बहुतेक ऑर्किडे मुळात त्या बाटलीतून आली. तेव्हा पाळण्यातले दूध या वनस्पतीने दुसऱ्याचेच प्यालेले असते, आणि त्याची पुरती परतफेड ती करते असे म्हणवत नाही. झाडाचे मात्र ती काही लागत नाही.

उलट ज्याला आपण खुशाल शिवी म्हणून वापरतो त्या खऱ्या बांडगुळाचीही एक बाजू आहे. त्याला हिरवी पाने आहेत. पाणी आणि क्षार तो झाडाचे चोरतो. पण साखर बऱ्याच अंशी स्वतः शिजवतो. निर्भेळ परोपजीवी पाहायचा तर अमरवेलीकडे जावे. आणि गंमत अशी की नावे ठेवताना आपण तिला अमर म्हणतो आणि याला बांडगूळ. बोलण्यात गोड आणि दिसण्यात नाजूक असले की नावही चांगले मिळते, हा अनुभव मला इतरत्रही आहे.

त्या गृहस्थांना हे सांगायची संधी मला नंतर एकदा मिळाली. चहा घेता घेता मी रास्नेची गोष्ट सांगितली. ते हसून म्हणाले, "म्हणजे तुमचे हमाल रास्ना झाले तर." मी म्हटले, तेही बरोबर नाही. रास्ना ज्या झाडावर बसते त्याला तिची गरज नसते. तुमचा माल मात्र पाठीवरून उतरल्यावाचून गाडीत चढत नाही. उपमा कुठवर ओढावी याला मर्यादा आहे. दर वाढले ते या गोष्टीमुळे नव्हे, तर त्या हंगामात लोक एकजुटीने बसून राहिले म्हणून. पण तेव्हापासून मी सभेत बांडगूळ हा शब्द जपून वापरतो.

रास्नेच्या वाट्याला आळाबरोबर आणखीही एक संकट आले आहे. वैद्यकात रास्ना हे वाताचे प्रसिद्ध औषध. महारास्नादि काढा कुणाच्या घरी आला नसेल असे नाही. ग्रंथातली रास्ना नेमकी कोणती, यावर वैद्यांत मतभेद आहेत. उत्तरेकडे 'प्लूचिया लँसिओलाटा' हे झुडूप रास्ना म्हणून घेतात आणि सरकारी औषधिकोशानेही तेच मान्य केले आहे. दक्षिणेत कुलिंजनाच्या जातीचे कंद घेतात. बंगालकडे आणि इतर काही ठिकाणी आपल्या या ऑर्किडाची मुळे. म्हणजे ज्या मुळांवर ती जगते त्याच मुळांना बाजारात भाव. पानाचे ऑर्किड मुळे उपटल्यावर काही दिवस तग धरते. पण पाणी आणणारा अवयव गेला की पुढे वाळतेच. शिवाय ती वाढते जुन्या, खरबरीत सालीच्या झाडांवर. जुन्या अमराया आणि बांधावरचे महू तोडले गेले, की तिचा वाडाच पडतो. नव्या कलमी रोपाच्या गुळगुळीत सालीवर तिचे बी येऊन टेकायला आणि बुरशी भेटायला कित्येक वर्षे जावी लागतात.

वऱ्हाडातल्या या वनस्पतीकडे पुस्तकांचेही दुर्लक्षच झाले. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. पण वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, म्हणून तो त्याच्या बाहेर. फादर सांतापाव आणि कापडिया यांचे मुंबईकडील ऑर्किडांवरचे पुस्तक १९६६ साली प्रसिद्ध झाले. ते चाळताना मला रास्नेचे पान सापडले, तेव्हा परगावी आपल्या तालुक्याचा माणूस भेटावा तसे झाले.

मृगाच्या आधीचा वळीव कोसळेल तेव्हा रिसोडच्या रस्त्याला किंवा आपापल्या शिवारात एखाद्या जुन्या आंब्यावर, महूवर रास्ना असली तर तिच्याखाली जाऊन उभे राहावे. हात लावू नये, उपटू नये. उन्हाळाभर बेचाळीस अंशांच्या झळा खाल्लेली ती मुळे चुनकट पांढरी असतील. पहिली सर येताच दहा-वीस अंक मोजावेत. ज्यांच्या घरी पानफुटी आहे त्यांनी त्याच दिवशी पहाटे एक पान तोडून चावावे आणि दुपारी दुसरे. हाइने यांनी दोनशे वर्षांपूर्वी केलेला प्रयोग याहून काही निराळा नव्हता.